शिवलीला बगले बॉनेट उघडत नाही

तुमची गाडी चढाला दम टाकायला लागली की तुम्ही पहिली शिवी कुणाला घालता?

खरं सांगा, इथं कोण ऐकायला बसलंय. गाडीला घालत नाही, कारण ती हौसेनं घेतलेली, तिच्यासोबत फोटो काढलेले, गल्लीत पेढे वाटलेले. बनवणाऱ्या कंपनीला घालत नाही, कारण तिच्या दारात तुम्हाला कुणी उभं करत नाही. रस्त्याला घालून बघता, पण रस्ता निर्लज्ज असतो. मग उरतो ड्रायव्हर. तो समोरच उभा असतो, हातात किल्ली घेऊन, आणि त्याला उलटं बोलायची सोय नसते.

सोलापुरात अशी गाडी आधी एका गॅरेजला जाते, मग दुसऱ्या गॅरेजला, मग शोरूमला, आणि सगळ्यांनी हात टेकले की शिवलीला बगलेकडे येते. आपला नंबर शेवटी लागतो याचा शिवलीलाला फार राग आहे. पण तिला कशाचा राग नाही हे शोधायचं तर वेगळं संशोधन करावं लागेल.

पुणे रस्त्याला, चिंचोळी एमआयडीसीच्या वळणावर तिचं पत्र्याचं शेड. वर पाटी: 'बगले डिझेल निदान. बॉनेट न उघडता इंजिनाचा दोष सांगितला जाईल. वाद घालू नये.' पाटीखाली शिवलीला. चाळिशी ओलांडलेली, कपाळावर विभूतीची तीन बोटं, साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, समोर लॅपटॉप. लॅपटॉपला ओटीत आलेल्या खणाचं कव्हर. नवरा टॉवेलच्या कारखान्यात आहे. तो तिच्याशी वाद घालत नाही. पाटी त्यानंच रंगवलीय, शेवटच्या ओळीसकट.

तिच्याकडे पाना नाही, पकड नाही. हाताला ग्रीस लागलेलं तिला खपत नाही. "पाना धरायला गावात हजार हात हायत की," ती म्हणते. "डोकं कुटं हाय ते दाखवा."

हे डोकं तिला कुण्या कॉलेजानं दिलेलं नाही, आणि हे ती तुम्हाला पहिल्या पाच वाक्यांतच सांगते. एका शोरूमच्या काउंटरला बसून ती गिऱ्हाइकांच्या तक्रारी लिहून घ्यायची. गिऱ्हाइक म्हणायचं, "चढाला ओढत नाही." मग शोरूमवाले गाडी मागच्या आवारात उभी करायचे, सपाट फरशीवर, जागच्या जागी चालू करायचे, कॉम्प्युटर लावायचे. कॉम्प्युटर म्हणायचा, दोष नाही. गाडी धुऊन परत. दुसऱ्या आठवड्यात तेच गिऱ्हाइक, तीच तक्रार, आणखी मोठ्या आवाजात. एके दिवशी शिवलीला भर काउंटरवर मॅनेजरला म्हणाली, "साहेब, ह्याला दम लागतो जिना चढताना, आणि तुम्ही तपासताय खुर्चीत बसवून." गिऱ्हाइकं हसली. दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची नव्हती. त्या दिवशी किती गिऱ्हाइकं हसली हा आकडा दरवर्षी वाढतो, तेवढं सोडलं तर गोष्ट खरी आहे.

तेव्हापासून तिची पद्धत एकच. गाडी आली की स्टेअरिंगखालच्या सॉकेटला बिस्किटाएवढं यंत्र खोचायचं, ते ड्रायव्हरच्या मोबाइलला जोडायचं, आणि सांगायचं, "जा, माल भरून तुळजापूरचा घाट चढून ये." गाडी चालताना इंजिन काय काय करतं ते सगळं मोबाइलमध्ये साठतं. माणूस परत आला की शिवलीला तो साठा लॅपटॉपवर ओढते, रंगीत रेषा पसरते आणि त्यांच्याकडे सासूनं सुनेच्या भाकरीकडे बघावं तसं बघते.

शेजारचं शेड आण्णांचं. आण्णा अक्कलकोटकडचे, कन्नड-मराठी एकाच वाक्यात बोलणारे, आणि निदान कानानं करणारे. गाडी गेटातनं आत यायच्या आधी त्यांचा निकाल लागलेला असतो: टर्बो गेला, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. बऱ्याचदा गेलेला नसतो. आण्णांनी खोलला की मग जातो. ते शिवलीलाला कॉम्प्युटरबाई म्हणतात, ती त्यांना टर्बोमहाराज म्हणते, आणि दुपारी दोघं एकाच डब्यातली शेंगाचटणी कडक भाकरीशी खातात.

अशा ह्या ठिकाणी भारतची पिकअप आली.

भारत मंगळवेढ्याच्या पलीकडचा. माळरानावरचं गाव. घरी आई बनाबाई, मेंढरं आणि मेंढपाळांचा देव बिरोबा. मेंढरांमागं जायचं सोडून गाडीवर बसलेला घरातला पहिला माणूस. चिंचोळीतनं टॉवेलचे गठ्ठे भरायचे आणि तुळजापूरमार्गे लातूरला पोचवायचे, हे त्याचं काम. गाडी अवधूत सरांची. अवधूत सर पूर्वी कॉलेजात व्यवस्थापन शिकवायचे. ते सुटलं, 'सर' सुटलं नाही. आता त्यांच्या चार पिकअप आहेत, चार ड्रायव्हर आहेत, आणि चौघांना रोज सकाळी मोबाइलवर एक सुविचार येतो. सूर्योदयाच्या चित्रावर. 'माणूस ओळखता आला की व्यवसाय आपोआप चालतो' वगैरे.

तर भारतची गाडी घाटात धापा टाकायला लागली. माल भरला की तिसऱ्यातनं दुसऱ्यात, दुसऱ्यातनं पहिल्यात. खालच्या गिअरला इंजिन बोंबलणार, डिझेल जास्त पिणार, लातूरला उशीर होणार. सरांनी गाडी आण्णांकडे पाठवली. आण्णा म्हणाले टर्बो. शोरूमला पाठवली. शोरूम म्हणालं दोष नाही. सरांनी भर गेटावर चष्मा पुसला आणि व्यवस्थापनशास्त्राप्रमाणे निष्कर्ष काढला.

"मशीन म्हणतंय गाडी ठीक आहे. म्हणजे बिघाड माणसात आहे. डिझेल कुठं जातंय, भारत?"

हे एक वाक्य. याच्यापुढे सुविचार नव्हता. आणि तुम्हाला एमआयडीसीची हवा ठाऊक नसेल तर सांगायला पाहिजे: डिझेल विकतो म्हणून एकदा किल्ली काढून घेतली की दुसऱ्या कुठल्या गेटावर दुसरी किल्ली मिळत नाही. वॉचमनपासून हमालापर्यंत सगळ्यांना कळतं. मग परत मेंढरं.

भारत शिवलीलापुढं उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा असा, की जणू यंत्र गाडीला नाही, त्यालाच खोचायचंय.

"अक्का, तुळजापूर लांब हाय की. हितंच बघा ना."

"मग काय, घाट हितं आणून ठिवू? जा. रिकामा जाऊ नको, गठ्ठे भरून जा."

तो गेला, आला. शिवलीलानं रेषा पसरल्या आणि आण्णांनाही हाक मारली, कारण प्रेक्षक नसला की तिचं निदान रंगत नाही.

"हे बघा टर्बोमहाराज. घाटात इंजिनाचे फेरे पुरे. टर्बोचा दाबही पुरा. तुमचा टर्बो जिवंत हाय, हार घालू नका. आता ही खालची रेषा बघा. ही हवेची. इंजिन किती हवा ओढतंय ते सांगणारी. ही अर्ध्यावरच झोपलीय."

"मग हवा कमी येत असंल."

"हवा कमी आली तर दाब कुटनं येईल? उजनी धरणाच्या काठावर मोटर चालू हाय, पाइपातनं पाणी धो धो पडतंय, ऊस बुडालाय, आणि मीटर सांगतोय अर्धंच पाणी आलं. कोण खोटं बोलतंय?"

"मीटर," भारत म्हणाला. उजनीकाठी त्यानं कधी गठ्ठे टाकले नव्हते, पण मोटर कुणाला ठाऊक नाही.

"व्हय. मीटर."

मीटर म्हणजे एअर फ्लो सेन्सर. फिल्टरमधून गाळून आलेली हवा ज्या पाइपातनं इंजिनाकडे जाते त्या पाइपात बोटाएवढा बसवलेला. त्याच्या आत केसासारखी तार, कायम तापवलेली. हवा वाहिली की तार गार होते. जितकी गार होते त्यावरनं गाडीचा कॉम्प्युटर ओळखतो की हवा किती आली. आणि हवा किती त्यावर डिझेल किती सोडायचं ते ठरवतो. तारेवर काही बसलं की तिला गारवा लागत नाही. ती सांगते, हवा थोडीच आहे. कॉम्प्युटर धूर होऊ नये म्हणून डिझेल आखडतो. गाडी उपाशीपोटी घाट चढते. आणि जागेवर उभी केली तर हवा थोडीच लागते, फरक दिसत नाही. शोरूमचा कॉम्प्युटर म्हणतो, छान आहे, घेऊन जा.

शिवलीलानं निकाल दिला: सेन्सर बदला. आण्णांनी जुना काढला, बघितलाही नाही, भंगारात टाकला, नवा बसवला. गाडी घाट सरसर चढली. शिवलीलानं ही हकीकत पुढचे कित्येक दिवस चहाच्या टपरीवर, गेटवर, कोपऱ्यावरच्या भाजीवालीला, जो थांबेल त्याला सांगितली. सांगताना भारतच्या पिकअपचा ट्रक झाला, आणि तुळजापूरच्या घाटाची उंचीही जराशी वाढली.

आणि थोड्याच आठवड्यांत पिकअप पुन्हा दारात उभी.

"अक्का," भारत म्हणाला, "परत तसंच करतीय."

शिवलीलाच्या हातातला चहा तसाच राहिला. शेजारून आण्णांचा आवाज आला, मुद्दाम कुणाला उद्देशून नसल्यासारखा: "टर्बो गेला की बे."

त्याच वेळी भारतचा मोबाइल वाजला. अवधूत सर. भारतनं स्पीकर लावला. एकट्यानं ऐकायची त्याची छाती नव्हती.

"मॅडम आहेत का तिथं? मॅडम, तुमच्या नव्या सेन्सरनं काही फरक पडलेला नाही. मी शिक्षक माणूस आहे. मी माणूस बघितला की ओळखतो. नवा पार्ट टाकूनही गाडी ओढत नसेल तर चालवणाराच ओढू देत नाही. सोमवारी सकाळी किल्ली टेबलावर ठेव, भारत. वाईट वाटून घेऊ नको."

वाईट वाटून घेऊ नको! हे सांगायला लागणारी हिंमत फक्त अशाच माणसांकडे असते.

"सोमवारी सकाळी तुम्ही गाडीत बसा," शिवलीला मोबाइलवर ओरडली. "घाट चढताना बसा. मग किल्ली ठरवू."

"बसेन की," सर म्हणाले. "पुराव्याला माझी कधीच ना नसते."

फोन बंद झाला. शिवलीलानं थंड झालेला चहा बाहेर फेकला. खरी गोष्ट अशी होती की सेन्सर खोटा आहे हे तिनं सिद्ध केलं होतं, पण तो खोटा का झाला हे विचारलंच नव्हतं. सर ड्रायव्हरपाशी थांबले, आण्णा टर्बोपाशी थांबले, शोरूम फरशीवर थांबलं, आणि ही बाई सेन्सरपाशी थांबली. प्रत्येकाला आपल्या थांब्यावर उतरायची घाई. फरक एवढाच, की हिच्याकडे रेकॉर्डिंग होतं आणि आता ते तिच्याकडेच बघत होतं.

रविवारी तिनं नवा सेन्सर टाकल्यापासूनच्या सगळ्या फेऱ्या उघडल्या. यंत्र तिनं गाडीतच राहू दिलं होतं, भारतनंही ते काढलं नव्हतं. अंगावर आळ असलेला माणूस साक्षीदार हलवत नाही. भारत समोर स्टुलावर. आण्णा काम नसल्याचं दाखवत दारात.

पहिल्या फेरीत हवेची रेषा ठणठणीत. दुसऱ्या फेरीत अर्ध्या वाटेवर थोडी खाली. तिसरीत आणखी एक पायरी खाली. शिवलीला पुढं वाकली.

"भारत, ही पायरी दिसती का? हितपर्यंत बरी, आणि हितनं पुढं खाली. मग वर येतच न्हाय. दुसऱ्या दिवशी परत एक पायरी. ही जागा कुटली?"

भारतनं वेळ बघितली, मनातल्या मनात गाडी चालवली. "सोलापूर सोडल्यावर रस्त्याचं काम चाललंय बगा, डायव्हर्शन हाय. नुसते खड्डे. तितली वेळ हाय ही."

"दर फेरीला?"

"दर फेरीला तितनंच जावं लागतंय की."

शिवलीला रेषेवरच्या पायऱ्या बोटानं मोजायला लागली. म्हातारा होत चाललेला सेन्सर हळूहळू ढासळतो, रोज थोडाथोडा. हा तर खड्ड्यांत गाडी आदळली की एक पायरी उतरतो. आदळल्यावर काहीतरी उडतं. आणि उडून तारेवर बसतं. पण तारेच्या आधी तर फिल्टर आहे, धूळ तिथंच अडकली पाहिजे. म्हणजे जे उडतंय ते फिल्टरच्या पुढं, इंजिनाच्या बाजूला आहे. फिल्टरच्या पुढं कुणी काय ठेवेल?

हे रेषेवरनं कळणार नव्हतं. बॉनेट उघडावं लागणार होतं.

वर पाटी होती. पाटी आण्णांनाही दिसत होती.

"भारत," शिवलीला म्हणाली, "तू उघड."

"तुमी बगणार?" आण्णांनी विचारलं, गोड आवाजात. "पाटी उतरवून घेऊ का आदी?"

"सुम्म कुंद्र!" ती कन्नडात खेकसली, म्हणजे गप बसा. "मी उघडत न्हाय. तो उघडतोय. मी नुसती बघतीय."

भारतनं बॉनेट वर केलं. फिल्टरच्या डब्याला पाना लागत नाही, नुसत्या क्लिपा असतात. एवढंच तिच्या अब्रूचं नशीब. क्लिपा निघाल्या. झाकण उचललं.

आत, फिल्टरच्या वर, स्वच्छ बाजूला, देवघरात ठेवावी तशी नीट मधोमध एक पिवळी पुडी. पातळ मलमलीच्या फडक्यात बांधलेला भंडारा. हळद. फडक्यातून गळून गळून सगळी वरची बाजू पिवळीजर्द झालेली, झाकणाच्या आतून पिवळी, पाइपाचं तोंड पिवळं. जणू बिरोबाची जत्रा आतल्या आत भरून गेली होती.

भारतचा हात आपोआप छातीला गेला, मग कपाळाला.

"ही आईनं ठिवल्याली पुडी हाय," तो म्हणाला. "पर ही वर कशी आली?"

"म्हणजे?"

"गाडी नवी घिऊन गावाकडं गेलो तवा आईनं ठिवली. पर खाली. फिल्टरच्या खाली, तळाला. लाल फडक्यात. तितं वरसं झाली असतील, कदी तरास न्हाय."

तळाला ठेवलेली पुडी फिल्टरच्या आधी येते. तिथं भंडारा उडाला तरी फिल्टर त्याला अडवतो. म्हणजे बिरोबा खालच्या मजल्यावर होता तोवर सगळं ठीक होतं. त्याला वरच्या मजल्यावर कुणी नेलं?

शिवलीला हळूच वळली. भारतही वळला.

आण्णा आपल्या शेडकडे जायच्या विचारात होते.

"टर्बोमहाराज."

"काय."

"ह्या गाडीचा फिल्टर शेवटी कुणी बदलला?"

"बदलला असंल मी. लक्षात ऱ्हातंय का सगळं."

"आण्णा!"

"मग काय करू बे!" आण्णा उसळले. "खाली घाण होती सगळी. माशा मेल्या होत्या, पाचोळा होता, आणि त्यात देवाचा भंडारा. फडकं फाटलेलं. मला बगवलं न्हाय. हात धुतले, नवीन फडक्यात बांधला, घरनं थोडा ताजा भंडारा आणून घातला वरनं, आणि स्वच्छ जागी ठिवला. देवाला घाणीत ठिवू व्हय?"

"आणि मला सांगितलं का न्हाय?"

"देवाचं कुणी सांगत बसतं व्हय? पाया पडायचं, गप बसायचं."

आणि ते खरंच होतं. शोरूमवाल्यांनीही फिल्टर बदलताना ती पुडी बघितली असणार. पाया पडून परत ठेवली असणार. ह्या जिल्ह्यात गाडीचा कुठलाही भाग माणसं बेधडक काढून फेकतात. सेन्सर फेकतात, टर्बो फेकतात, ड्रायव्हर फेकतात. पण देवाची पुडी कुणी फेकत नाही, आणि तिच्याबद्दल कुणी बोलतही नाही. तक्रार लिहून घेताना 'डब्यात देव आहे का' असा रकाना कुठल्याच शोरूमला नाही.

शिवलीलानं भारतला सेन्सर काढायला लावला. स्प्रे मारला. खाली धरलेलं पांढरं फडकं पिवळं झालं. तो रंग तिनं बघितला आणि आण्णांवर ओरडायला उघडलेलं तोंड मिटलं. गेल्या दसऱ्याला तिनं स्वतः आपल्या यंत्राची हळदकुंकू वाहून पूजा केली होती, आणि पुढं आठवडाभर ते कुठल्याच गाडीला जुळत नव्हतं. पिनांमधून असाच पिवळा रंग निघाला होता. तेव्हा गिऱ्हाइकांना तिनं 'नेटवर्क डाऊन आहे' म्हणून सांगितलं होतं. हे आण्णांना कळायचं काही कारण नव्हतं.

"आईला फोन लाव," ती भारतला म्हणाली. "पुडी हलवायची तर तिला विचारून हलवू."

बनाबाई माळावरच होती. मागं मेंढरं ऐकू येत होती.

"मावशी, इंजिनाच्या डब्यात भंडारा का ठिवला?"

"भारतानंच दाखिवलं हुतं की," बनाबाई म्हणाली. "म्हनला, आई, गाडी हितनं श्वास घेती. मग देव कुटं ठिवू, चाकात? जितं जीव हाय तितंच ठिवनार की."

"बरोबर हाय मावशी, पर आण्णा मेकॅनिकनं पुडी खालनं वर हलवली, आता त्या श्वासासंगं भंडारा आत चाललाय. गाडीला ठसका लागलाय."

"ठसका व्हय?" बनाबाईनं विचार केला. "मग देवाला म्होरं बसवा. काचंपाशी. त्याला रस्ता तरी दिसंल. आणि आण्णा का फान्ना, त्येला म्हनावं, माझ्या देवाला इचारल्याबिगर हलवायचं न्हाय."

"ऐकलंय मी," आण्णा म्हणाले.

सोमवारी सकाळी केबिनमध्ये तिघं दाटीनं बसले: भारत, मधे शिवलीला, खिडकीशी अवधूत सर इस्त्रीच्या शर्टात. मागं गठ्ठे काठोकाठ. काचेपाशी पुडी, नव्या लाल फडक्यात. शिवलीलानं शहर सोडेपर्यंत सगळी हकीकत सांगितली. सरांनी मान हलवत ऐकली, आणि लेक्चर सुरू केलं.

"हाच आपला प्रॉब्लेम आहे, मॅडम. अंधश्रद्धा. विज्ञानयुगात इंजिनात हळद! भारत, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

डायव्हर्शनचे खड्डे आले. सर बोलत राहिले. गाडी आदळली, पुडी हलली, हवेची रेषा हलली नाही.

घाट लागला. भारतनं तिसरा टाकला आणि तिसराच राहिला. गाडी गुरगुरत वळणं घेत वर निघाली, एक भरलेला टँकर मागं टाकला. सरांचा विवेकवाद पहिल्या वळणाला संपला. शिवलीलानं मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला.

"ही आजची रेषा. ही गेल्या आठवड्यातली. तोच घाट, तोच माल, तीच गाडी, आणि तोच ड्रायव्हर. डिझेल कुटं जात होतं ते दिसतंय का सर? खालच्या गिअरला बोंबलण्यात जात होतं."

सरांनी चष्मा वर केला, खाली केला. "डेटा कन्व्हिन्सिंग आहे," ते म्हणाले. इंग्रजीत मान्य केलं की कमी मान्य केल्यासारखं वाटतं.

वर तुळजापूरला गाडी थांबली. सरांनी काचेपाशी बघितलं, घसा खाकरला.

"ही पुडी आता... कायमची काढणार?"

"काढू की," शिवलीला म्हणाली. "तुमचं विज्ञान हाय."

"नाही, तसं नाही. म्हणजे बघा, आजपर्यंत ह्या गाडीला अपघात झालेला नाही." मग आवाज आणखी खाली. "बाकीच्या तीन गाड्यांनाही बसवता येईल का? काचेपाशीच. आत नको."

शिवलीलाला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. हसून सोडून देणं हा तिचा स्वभाव नाही.

"सर, भारतला काही म्हणायचंय का तुम्हाला?"

"हो, हो. किल्ली तुझ्याकडेच राहू दे, भारत."

"किल्ली हाय त्याच्याकडंच, इंजिन चालू हाय. दुसरं काही?"

सरांनी इकडंतिकडं बघितलं. सुविचार आठवेना. "चला, चहा घेऊ या का सगळे? मी देतो."

"हवा मोजणारा चुकला तर मी स्प्रे मारती," शिवलीला म्हणाली. "माणूस मोजणारा चुकला तर त्यानं नुसता चहा पाजायचा व्हय? भर गेटावर डिझेलचोर म्हणालात. भर गेटावरच म्हणा, चुकलो म्हणून. तवर मी चहा पीत न्हाय."

"अक्का, जाऊ द्या की," भारत कुजबुजला. "मला तल्लफ आलीय."

आणि भारत चहा प्यायला. दोन कप. शिवलीला केबिनमध्येच बसून राहिली, हाताची घडी घालून, बिरोबाच्या सोबतीला.

सरांनी गेटावर काही म्हटलं नाही. त्या आठवड्याचा सुविचार मात्र क्षमेवर होता, चौघाही ड्रायव्हरांना आला, सूर्योदयासकट. शिवलीलाला तो भारतनं दाखवला. त्यावर ती जे बोलली ते छापता येत नाही. भारत अजून त्याच गाडीवर आहे, पण वॉचमन गाडीची डिझेल टाकी अजून वाकून बघतो. आण्णा अजून म्हणतात टर्बो. फक्त आता फिल्टर बदलताना डब्यात देव सापडला की ते शेजारी हाक मारतात, "कॉम्प्युटरबाई, पाहुणे आलेत!" पाटीवर नवऱ्यानं खाली एक ओळ वाढवलीय: 'फिल्टरचा डबा मात्र उघडावा लागेल.' शिवलीला म्हणते, ती ओळ तिनं सांगितलेली नाही.

तेव्हा एवढं करा. तुमची गाडी चढाला दम टाकत असेल तर उद्या सकाळी फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढून आत बघा. देव असेल तर त्याला हात जोडून काचेपाशी आणा. आणि गेले महिनाभर चारचौघांत ज्या ड्रायव्हरला बोलत होता, त्याला चारचौघांतच बोलवा आणि चुकलो म्हणा. चहा नंतर पाजा.